बी साइड

इब्रीच्या बाजारात, कुंजुमोनच्या दुकानात मिळाली.
कव्हरवर घोडा, आणि टोपीखाली अर्धा चेहरा.
सिनेमा कुठला ते मला कळलं नाही, त्यालाही नाही.
"नुसतं म्युझिक," तो म्हणाला, "बोलणं नाही. आठशे बैसा."
बोलणं नाही, म्हणूनच घेतली.

त्या साली मी फहूदच्या वाटेला पाण्याचा टँकर चालवायचो.
पाच हजार गॅलन, सात तास,
आणि रस्ता म्हणजे ग्रेडरनं खडीवर ओढलेला ओरखडा.
कॅसेट घातली की आधी वारा.
मग कुणीतरी शीळ घालतं.
मग घंटा, चर्चची असावी.
मग टापा,
आणि टापा सुरू झाल्या की माझी म्हातारी मर्सिडीजसुद्धा
मान उचलून चालायची.

पडदा नव्हता, तेव्हा सिनेमा मीच काढला.
नायक पाणी घेऊन गावात येतो.
(बंदूक कशाला? लोक तहानलेले आहेत.)
तिसऱ्या तुकड्यात तुतारी वाजते, तिथं तो मरतो.
पण बी साइडला पुन्हा टापा.
म्हणजे मेला नव्हता.
दुर महम्मद, माझा क्लीनर, म्हणायचा,
घोडा एकटाच परत आलाय.
यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

रात्री शीळ घातली तर आमच्याकडे साप येतो.
त्याच्याकडे, मकरानात, जिन्न येतात.
आम्ही काचा वर करून ऐकायचो.

रुकय्यानं पत्रात लिहिलं :
दिवसभर तिथं काय ऐकता, एकदा आम्हालाही ऐकू द्या.
वहाब सुट्टीवर निघाला होता दाभोळला.
त्याच्या बॅगेत चार साबण, एक टॉर्च, पोराचे बूट,
आणि बुटाच्या आत ती.

चौथ्या महिन्यात परत आली.
कोपऱ्यातली दोन भोकं चिकटपट्टीनं बुजवलेली.

बटण दाबलं. वारा नाही.
कुणीतरी खाकरलं.
"लाल दिवा लागलाय ना गो? मग बोलू?"
आणि मग रुकय्या,
सुरमईचा भाव, उडालेली कौलं, नणंदेचं ठरलेलं,
मधेच कुकर, मधेच कुणाची तरी कोंबडी,
अन्वर दार धरून उभा राहतो हे दोनदा.
घंटेवर ती. तुतारीवर ती.
जिथं माझा माणूस मरायचा
तिथं आता लाइटचं बिल आलं होतं.

दुर महम्मदला एक शब्द कळत नव्हता.
त्यानं काच वर केली.

"तुमची शीळ पुसली गेली, रागावू नका.
अन्वर तिच्याशिवाय जेवत नव्हता.
आता मीच घालते. दिवसाच घालते.
अम्मी म्हणतात, बाईच्या जातीला शोभत नाही,
पण घास जातो ना पोटात."
मग म्हणाली, "थांबा हं."
आणि तिनं ओठ जुळवले असणार,
कारण बराच वेळ नुसती हवा ऐकू आली,
मग हवेतून एक सूर,
अर्धा, वाकडा, खालच्या पट्टीतला,
मग हसू,
मग, "आता काय सांगू?"

दहा-बारा श्वास. खट्.
आणि त्या खट्च्या पलीकडून,
तिनं जिथं बोट उचललं नेमकं तिथून,
टापा.

मी टँकर बाजूला घेतला, एका गाफच्या झाडाशी.
दुर महम्मद उतरून टायरला लाथ मारत राहिला,
हवा बघतोय असं दाखवत.
परत चढला तेव्हा म्हणाला, "बरं. एकटा नव्हता."
मग म्हणाला, "मागे घे."

त्या दिवशी कॅम्पवर पाणी दोन तास उशिरा पोचलं.
फोरमनला मी सांगितलं, पंक्चर.
दुर महम्मदनं अल्लाची शपथ घेतली नाही,
पण मान हलवली.